सोलापूरहून फ्रुलानियाकडे: पर्णिल लिव्हरवर्ट ओळखायला शिकताना

सोलापूरचा वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, आणि जमीन काळी, भेगाळणारी. इथे बसून लिव्हरवर्ट, म्हणजे मॉससारख्याच फूल-बी नसलेल्या चिमुकल्या वनस्पती, शिकायचं म्हणणाऱ्याला हमखास एकच सल्ला मिळतो, ‘महाबळेश्वरला जा.’ सल्ला अर्धाच बरोबर आहे. पर्णिल, म्हणजे खोड आणि पानं असलेली लिव्हरवर्टं भरभरून बघायची तर सह्याद्री गाठावाच लागतो. पण तयारीशिवाय थेट तिथे गेलेल्याला झाडावर नुसती हिरवी-तपकिरी लव दिसते. त्यात मॉस कुठलं, लिव्हरवर्ट कुठलं, दगडफूल कुठलं, काही कळत नाही आणि सुट्टी संपते. डोळा सोलापुरातच तयार करायचा आणि मग घाट चढायचा, हा क्रम सोयीचा पडतो.

कोरड्या मुलखातल्या माणसाने कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही. भारतात लिव्हरवर्टांचा पद्धतशीर अभ्यास ज्यांनी उभा केला त्या शिवराम कश्यप (१८८२–१९३४) यांचं काम लाहोरातून चाललं, आणि १९२९ व १९३२ साली दोन भागांत निघालेल्या त्यांच्या ग्रंथात हिमालयाच्या जोडीला पंजाबचं मैदानही आहे. मैदानातल्या चार ओल्या जागा नीट बघणाऱ्यालाही पुष्कळ सापडतं.

या लेखासाठी मी फ्रुलानिया ही प्रजाती (जीनस) निवडली आहे, आणि तिच्यातली फ्रुलानिया एरिकॉइडिस ही जाती (स्पीशीज). ती उष्ण कटिबंधात जगभर पसरलेली आहे, झाडाच्या सालीवर वाढते आणि कोरडेपणा चांगला सोसते. नवशिक्याच्या दृष्टीने तिची रचनाही ठसठशीत आहे. मात्र एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. पर्णिल लिव्हरवर्ट वरून बघून ओळखता येत नाही, ते उलटं करून पोटाकडून बघावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत.

सामान

सराफ खडे तपासायला वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. वीसपट घेण्याचा मोह होतो, पण त्यात दिसणारा भाग फार लहान असतो आणि हात जरा हलला की सगळं धूसर. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि वनस्पती भिंगाकडे आणायची. बहुतेक जण उलटं करतात, भिंग झाडाजवळ धरून लांबून डोकावतात, आणि मग भिंगालाच नावं ठेवतात.

दुसरी वस्तू पाण्याच्या फवाऱ्याची बाटली, केशकर्तनालयात असते तशी. हिला पर्याय नाही. बाकी बारीक टोकाचा चिमटा, दोन सुया, पेन्सिल (शाई ओलाव्याने पसरते) आणि जुन्या कागदाच्या घड्या. सूक्ष्मदर्शक शंभरपट आणि चारशेपट दाखवणारा मिळाला तर उत्तम. घरी नसेल तर वनस्पतिशास्त्र विभाग असलेल्या एखाद्या महाविद्यालयात विचारा. नम्रपणे विचारलं तर प्रयोगशाळेत एक दुपार बसू देतात असा अनुभव आहे.

पहिली पायरी: गावातल्या ओलीवर सराव

कोकणात जून-जुलै हा भराचा काळ. सोलापूरचं तसं नाही. मृगाचा पाऊस आला तर आला, जुलै-ऑगस्टमध्ये मोठे खंड पडतात, आणि सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. म्हणून इथल्या माणसाने उत्तरा आणि हस्त नक्षत्रांवर लक्ष ठेवावं. चार-पाच दिवस जमीन सलग ओली राहिली की बाहेर पडा.

बघायच्या जागा अगदी साध्या आहेत: कुंडीतली माती, नळाखालची फरशी, रोपवाटिकेतल्या पिशव्या, विहिरीच्या कठड्याची उत्तरेकडची बाजू, पाटाचा काठ, शेताच्या बांधाची सावलीतली उभी कड. कुंडीत किंवा बांधावर मातीला घट्ट चिकटलेली, पुन्हा पुन्हा दोन फाटे फुटत गेलेली आणि मधोमध खोबण असलेली चपटी हिरवी पट्टी दिसली तर ती बहुधा रिक्शिया. अकरावी-बारावीला ब्रायोफायटा शिकलेल्यांना हे नाव आठवेल. अशा बऱ्याच पट्ट्या मिळून नाण्याएवढं वर्तुळ होतं.

रिक्शिया पर्णिल नव्हे. तिला खोड नाही, पान नाही, आहे तो चपटा थॅलस. तरी सुरुवात तिच्यापासून करण्याचं कारण असं की लिव्हरवर्टाचा ‘वर’ आणि ‘खाली’ हा भेद ती पटकन शिकवते. पट्टी उचलून उलटी करा. वरची बाजू हिरवी आणि गुळगुळीत, खालची बाजू केसासारख्या पांढुरक्या मूलाभांची, म्हणजे मुळांसारख्या दिसणाऱ्या तंतूंची. हे मूलाभ एकेका पेशीचे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत दोन प्रकार दिसतात, एक आतून गुळगुळीत आणि दुसरा आतल्या बाजूला बारीक खुंट्या असलेला. पर्णिल लिव्हरवर्टात फक्त गुळगुळीत मूलाभ असतात, ही नोंद पुढे कामाला येईल.

त्याच फेरीत एखादं मॉसही बघून घ्या. जुन्या चुनेगच्ची भिंतीवर पावसात उगवणारी बुटकी हिरवी गादी मॉसचीच असते. त्यातलं एक रोप चिमट्याने सुटं करा. पानं खोडाभोवती सगळ्या बाजूंनी, फिरत्या क्रमाने लागलेली दिसतील. बहुतेक मॉसांच्या पानात मधोमध शीर असते आणि पानाला खोल खाच कधीच नसते. फळाचा देठ ताठ, रंगीत आणि टिकाऊ असतो, महिनोन्‌महिने उभा राहतो. आता ही चारही लक्षणं उलटी करा: पानं ओळींत, शीर नाही, पान बहुधा दुभंगलेलं, फळाचा देठ पारदर्शक आणि अल्पायुषी. झालं पर्णिल लिव्हरवर्ट.

भुईकोट किल्ल्याच्या तटावर पावसाळ्यात हिरवाई चढते. तिथे भिंगाने हवं तेवढं बघा, फोटो काढा, पण खरवडू नका. ते संरक्षित स्मारक आहे, आणि तसंही सरावासाठी घरची कुंडी पुरेशी असते.

दुसरी पायरी: जागा वाचायला शिकणं

नवखा माणूस ‘कुठे सापडेल’ याचं उत्तर गावाच्या नावात शोधतो. ही वनस्पती काही मिलिमीटर उंचीची, तिचं जग हातभर सालीचं. त्या हातभर सालीवर ओल किती वेळ टिकते आणि ऊन कुठून येतं, एवढंच तिला महत्त्वाचं.

फ्रुलानियाला मूळ नाही, पाणी वाहून नेणाऱ्या नलिका नाहीत, आणि पानावर मेणाचा म्हणण्यासारखा थर नाही. पान एकाच पेशीच्या जाडीचं. पाणी अंगावर पडलं की थेट पेशीत शिरतं, ऊन लागलं की तसंच निघून जातं. कोरडी झाली की तिचं सगळं कामकाज थांबतं आणि पुन्हा भिजली की सुरू होतं. कडुलिंब खोलवरच्या मुळांनी पाणी ओढून उन्हाळा काढतो. फ्रुलानिया पाणी धरून ठेवण्याच्या भानगडीतच पडत नाही, वाळून स्वस्थ बसते. त्यामुळे तिला भरपूर पाण्यापेक्षा वारंवार भिजणं मानवतं. रोजचं धुकं, पहाटेचं दव, ढगांतून जाणारी ओल. सोलापूरच्या एका मुसळधार पावसानंतर लगेच कडक ऊन पडतं, त्याने तिचं भागत नाही.

हे समजलं की झाडं निवडणं सोपं होतं. साल खडबडीत आणि न सोलणारी हवी, म्हणजे भेगांत ओल आणि धूळ साचते. आंबा, चिंच, जांभूळ चांगले. पेरू आणि निलगिरी यांची साल सोलून पडते, वर वाढणारं तिच्याबरोबर खाली येतं. शहरात रस्त्याकडेच्या झाडांवर वेळ घालवू नका. धूर आणि धूळ थेट पानांच्या पेशींत जाते, आणि हा वनस्पतिवर्ग हवेतल्या गंधकाच्या वायूला फार नाजूक आहे. त्यापेक्षा गावाबाहेरच्या जुन्या आमराया, विहिरीवर झुकलेली झाडं, तळ्याकाठच्या दाट सावल्या बघा. हाती काही लागलं नाही तरी जागा वाचण्याचा सराव होतो, आणि दगडफूल व मॉस वेगळं ओळखता येऊ लागतं.

मग एकदा पश्चिमेला जा. पंढरपूर, म्हसवड, दहिवडी करत सातारा, आणि पुढे मेढ्यावरून महाबळेश्वर. एसटीत खिडकीची जागा धरा आणि वाटेतल्या झाडांची खोडं बघत चला. माणदेशात खोडं उघडी, राखाडी. साताऱ्याच्या पुढे घाट लागला की सालीवर हिरवट छटा येते, आणि वर महाबळेश्वरच्या पठारावर, सुमारे १,३७० मीटर उंचीवर, जांभूळ-अंजनी-हिरड्याच्या रानात खोडं अक्षरशः केसाळ झालेली असतात. तिथला पाऊस सोलापूरच्या दसपट. एका दिवसाच्या प्रवासात ओलाव्याची अशी चढती कमान बघायला मिळणं ही खरं तर सोलापूरकराची चैन आहे, पुणेकराला ती इतकी ठळक दिसत नाही.

जाण्याची वेळ सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. जुलैत तिथे छत्री धरावी की भिंग, हाच प्रश्न पडतो.

झाडावर नेमकं कुठे बघायचं? बुंध्याशी मॉसची जाड गादी असते, ओल तिथे जास्त टिकते. फ्रुलानिया बहुधा त्याच्या वर, खोडाच्या उजेडाच्या बाजूला आणि फांद्यांवर असते. सालीला चपटी बिलगलेली, जाळीसारखी पसरलेली, तपकिरी ते तांबूस-काळी नक्षी शोधा. सावलीत तिचा रंग हिरवट राहतो, उन्हात गडद होतो. लांबून ती वनस्पतीच वाटत नाही, डाग वाटतो. सर्वांत चांगली युक्ती म्हणजे वाऱ्याने पडलेल्या फांद्या तपासणं. उंच शेंड्यावरच्या जाती आपोआप हातात येतात आणि झाडाला धक्का लागत नाही.

तिसरी पायरी: फवारा मारा आणि थांबा

कोरडी फ्रुलानिया बघून काहीही ठरवू नका. पानं खोडाला गुंडाळून बसलेली असतात, सगळा कोंब दोरासारखा दिसतो. दोन-तीन फवारे मारा आणि भिंग लावून बघत राहा. एरिकॉइडिसमध्ये हा खेळ फारच देखणा: पाणी शिरलं की पानं खोडापासून उचलली जातात आणि बाहेरच्या बाजूला ताठ उघडतात. कोरडेपणी बिलगलेली, ओलेपणी फिसकारलेली पानं हे या जातीचं मोठं लक्षण आहे. ज्यांची पानं भिजल्यावरही सालीला सपाट चिकटून राहतात त्या बहुधा दुसऱ्या जाती.

नवशिक्याने प्रत्येक नमुना दोन्ही अवस्थांत बघावा आणि तसं लिहून ठेवावं. नंतर पाकिटातला वाळका नमुना भिजवूनही हे पाहता येतं, पण रानात बघितलेलं लक्षात राहतं.

चौथी पायरी: उलटं करा

आता मुख्य काम. सुईने एक कोंब सालीवरून अलगद सोडवा, टोकासकट. तो अंगठ्याच्या नखावर किंवा पांढऱ्या कागदावर ठेवा, थेंबभर पाणी घाला. आधी वरून बघा, मग उलटा करून.

वरून फक्त दोन ओळी दिसतात, खोडाच्या डाव्या-उजव्या बाजूची पानं. पानं गोलसर, कडा अखंड, शीर नाही. आता ती एकमेकांवर कशी चढली आहेत ते पाहा. कोंबाचं टोक वरच्या दिशेला ठेवा. घराच्या छपरावर वरचं कौल खालच्या कौलावर चढलेलं असतं. तशी रचना दिसली, म्हणजे टोकाकडचं पान मागच्या पानाला झाकत असलं, तर ते फ्रुलानिया नव्हे. फ्रुलानियात उलटं असतं. मागच्या पानाची टोकाकडची कड पुढच्या पानावर चढते आणि पूर्ण उघडी दिसते. हे एवढ्यासाठी आधी तपासायचं की पर्णिल लिव्हरवर्टांचे मोठे गट याच एका गोष्टीवर दोन बाजूंना पडतात. घाईत हमखास गोंधळ होतो, म्हणून टोक कुठलं ते आधी ठरवा. टोकाची पानं लहान, कोवळी, दाटीने असतात.

उलटं केल्यावर तीन गोष्टी क्रमाने शोधा.

पहिली, पानांची तिसरी ओळ. खोडाच्या पोटावर मधोमध, बाजूच्या पानांपेक्षा लहान पानं एकामागे एक असतात. खोडाच्या टोकाशी एकच वाढपेशी असते, तिला तीन बाजूंनी नव्या पेशी कापून निघतात, म्हणून पानांच्या ओळी तीन. त्यातल्या दोन बाजूला पसरल्या आणि तिसरी पोटाकडे राहिली. फ्रुलानियात या पोटपानाच्या टोकाला खाच असते, ते दुभंगलेलं दिसतं, आणि रुंदी खोडापेक्षा जास्त असते. त्याच्या बुडाशी मूलाभांचा झुपका असतो. कोंब सालीला धरून राहतो तो या झुपक्यांनी. सालीतून रस शोषण्याशी त्यांचा संबंध नाही. आमराईवाला ‘हे झाड खातंय का’ म्हणून विचारेल तेव्हा नि:शंक सांगा, बांडगुळाशी याचं काही नातं नाही.

दुसरी, बाजूच्या पानाची खालची पाळी. वरून जे गोल पान दिसलं ते अर्धंच होतं. प्रत्येक पान दोन पाळ्यांचं असतं, मोठी पाळी वर आणि छोटी दुमडून तिच्याखाली. ही छोटी पाळी फ्रुलानियात फुगून शिरस्त्राणाच्या घाटाची पोकळ पिशवी होते. तिचं तोंड कोंबाच्या बुडाच्या दिशेला. पिशवी मोठ्या पाळीला अगदी निमुळत्या जागी जोडलेली असते, जवळजवळ सुटीच वाटते. पोटाकडून भिंगात अशा पिशव्यांची खोडाला समांतर एकेक रांग दोन्ही बाजूंना दिसली की प्रजाती ठरली. इतकं नि:संदिग्ध लक्षण या वर्गात फार कमी प्रजातींना लाभलं आहे.

एरिकॉइडिस मात्र इथे चकवते. तिच्या काही कोंबांवर पिशव्या फुगलेल्या असतात, तर काहींवर छोटी पाळी नुसती चपटी, उघडलेली राहते. एकच कोंब बघून ‘पिशवी नाही’ असा निकाल देऊ नका. शेजारचे पाच-सहा कोंब उलटे करा.

पिशवीचा उपयोग काय? तिच्यात पाणी राहतं, आणि सगळा कोंब वाळल्यावरही थोडा वेळ जास्त राहतं. त्या पाण्यात चक्रधर प्राणी, म्हणजे रोटिफर, वस्तीला असतात. ताज्या नमुन्याची पिशवी शंभरपट मोठी करून बघितली तर आत कोणी तरी हलताना दिसण्याची शक्यता बरीच. कोलुरा नावाच्या दुसऱ्या एका प्रजातीत पिशवीला झडप असते आणि सूक्ष्म जीव आत अडकतात, त्यावरून मांसाहाराची चर्चाही झाली आहे. फ्रुलानियाच्या पिशवीला झडप नाही. इथे राहणाऱ्यांना भाडं नाही आणि कोंडूनही घालत नाहीत.

तिसरी गोष्ट बारीक आहे. पिशवी आणि खोड यांच्या मध्ये एक चिमुकला काटकीसारखा तंतू असतो, काही पेशींचा. दहापट भिंगात तो बहुधा दिसत नाही, सूक्ष्मदर्शक लागतो. जाती ठरवताना तज्ज्ञ त्याचा आकार आणि पेशी बघतात. सुरुवातीला सोडून दिला तरी चालेल.

पाचवी पायरी: पेशी, पण ताज्याच

एक पान सुईने तोडून काचपट्टीवर पाण्यात ठेवा, वर आच्छादन काच. रंगद्रव्य लागत नाही, काप घ्यायचा नाही, कारण पान मुळात एकाच पेशीच्या जाडीचं आहे. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगवहीतलं इतकं सोपं काम दुसरं नसेल.

चारशेपट दृश्यात दोन गोष्टी पाहा. पेशींच्या भिंती सगळीकडे सारख्या नसतात, जिथे तीन पेशी भेटतात त्या कोपऱ्यांवर जाड गाठी असतात. आणि हरितलवकांच्या गर्दीत काही चमकदार, दाणेदार गोळे दिसतात. हे तैलपिंड. पटलाच्या वेष्टनातले असे तैलपिंड वनस्पतिसृष्टीत लिव्हरवर्टांखेरीज कुणाकडे नाहीत, आणि लिव्हरवर्टांच्या सुमारे ९० टक्के जातींत ते सापडतात. प्रत्येक पेशीत किती, आकार काय, दाणेदार की एकसंध, यावरून जाती ओळखायला मोठी मदत होते.

अडचण अशी की नमुना वाळला की तैलपिंड नाहीसे होतात आणि पुन्हा भिजवून परत येत नाहीत. सोलापूरला परतून निवांत बघू, असं म्हणून भागत नाही. ज्यांना जमेल त्यांनी मुक्कामीच बघावं. नाही तर थोडा भाग ओलसर टिश्यू कागदात गुंडाळून डबीत घालावा, सावलीत ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत बघून टाकावा. फोटो काढा, मोबाइल सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रभिंगाला टेकवला की पुरे.

सहावी पायरी: फळ मिळालं तर

मिळेलच असं नाही. पण काही कोंबांच्या टोकाशी पानांतून वर डोकावणारी, फुगीर नळी दिसली तर थांबा. तिला बहुधा तीन धारा असतात आणि टोकाला लहानशी चोच. एकत्र जुळलेल्या पानांचं हे आवरण, आतल्या गर्भाचं रक्षण करणारं. नर आणि मादी अवयव वेगवेगळ्या फांद्यांवर, कित्येक जातींत तर वेगवेगळ्या रोपांवर असतात. नराच्या दोन शेपट्यांच्या शुक्रपेशीला मादीपर्यंत पोहायला पाण्याचा थर लागतो. फळ पावसाळ्यानंतर दिसण्यामागे हेही एक कारण.

फळ तयार झाल्यावर नळीतून पारदर्शक देठ वर येतो. नव्या पेशी तयार करून नव्हे, आहेत त्याच पेशी लांबवून, त्यामुळे काम झटपट होतं. टोकाशी काळसर गोल कोश असतो, तो चार पाकळ्यांत उलगडतो. आत बीजाणू आणि त्यांच्यामध्ये मळसूत्री धागे, जे फ्रुलानियात पाकळ्यांना चिकटलेले असतात. कोश वाळून उघडताना हे धागे ताणून सुटतात आणि बीजाणू उडतात. देठ लगेच कोमेजतो. या प्रजातीचे बीजाणू बाहेर पडतानाच अनेकपेशी असतात, म्हणजे रुजण्याची सुरुवात कोशातच झालेली. लवकर वाळणाऱ्या सालीवर पडणाऱ्या बीजाणूला एवढी आघाडी बरीच उपयोगी पडत असावी, असं मला वाटतं.

चकवणारे

फिसिडेन्स नावाचं मॉस सर्वांत जास्त फसवतं. ओल्या मातीवर, भिंतीच्या बुडाशी ते सोलापुरातही शोधावं. पानं दोनच ओळींत, सगळं रोप चपटं, त्यामुळे नवखा लगेच पर्णिल लिव्हरवर्ट म्हणतो. पानात शीर आहे का बघा. असली तर वाद मिटला.

घाटात सेलाजिनेला भेटेल. तीही जमिनीलगत, चपटी, दोन आकारांची पानं ओळींत. पण ती नलिका असलेली वनस्पती, नेच्यांची लांबची नातलग, आणि बोटभर लांब सहज होते. पर्णिल लिव्हरवर्टाचा कोंब रुंदीला एक-दोन मिलिमीटर.

खऱ्या पर्णिलांत फ्रुलानियाशी गोंधळ होतो तो पोरेला आणि लेज्युनिया यांचा. पोरेला दांडगी, तिची खालची पाळी जिभेसारखी चपटी, पिशवी कधीच नाही, आणि पोटपान अखंड. लेज्युनिया फिकट हिरवी, नाजूक, आणि तिची खालची पाळी मोठ्या पाळीला पूर्ण घडीच्या रेषेवर जोडलेली, फ्रुलानियासारखी देठावर सुटी नाही. घाटातल्या ओढ्याकाठी झुडपांच्या जिवंत पानांवर जे पोपटी ठिपके पसरलेले असतात, त्यांत लेज्युनियाच्या कुळातली मंडळी पुष्कळ.

नमुना, पाकीट, हात धुणं

गरजेपुरतंच घ्या. टपाल तिकिटाएवढा तुकडा पुष्कळ झाला, आणि तोही जिथे ती भरपूर आहे तिथून. अभयारण्यात, राखीव जंगलात, देवराईत परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही. सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्यही त्यात आलं. वनखात्याला लेखी विचारा, तोंडी होकारावर जाऊ नका.

वाळवणं सोपं आहे. वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून सावलीत वाळवा, वजन ठेवून दाबू नका, नाही तर पिशव्या चेपतात आणि नेमकं तेच लक्षण जातं. सोलापूरच्या हवेत एका दिवसात कडकडीत होतात. नंतर कागदाचं पाकीट करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी येते. पाकिटावर पेन्सिलने गाव, जागेची खूण, उंची, तारीख, झाडाचं नाव, खोडावर किती उंचीला, कोणत्या दिशेला, उजेड की सावली, ताजेपणीचा रंग आणि तैलपिंड पाहिले असतील तर त्यांचं वर्णन. झाडाचं नाव बहुतेक जण विसरतात.

फ्रुलानिया हाताळल्यावर साबणाने हात धुवा, आणि त्याआधी डोळे चोळू नका. तिच्यात फ्रुलानोलाइडसारखी रसायनं असतात. युरोपात आणि उत्तर अमेरिकेत लाकूडतोड्यांना सालीवरच्या फ्रुलानियामुळे त्वचेवर चट्टे आणि खाज येते, हे वैद्यकात नोंदलेलं आहे. एखाद-दुसऱ्या नमुन्याने सहसा काही होत नाही. पण ज्यांना एकदा ॲलर्जी जडते त्यांना पुढे थोड्याशा संपर्कानेही त्रास होतो, तेव्हा अंगावर लाल चट्टे उठले तर हातमोजे वापरा किंवा नुसते फोटो काढा.

जातीपर्यंत नाव लावायचं असेल तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, दोन्हीकडे वनस्पतिसंग्रह आहेत. तिथल्या अभ्यासकाला फोटो पाठवताना झाडावरच्या हिरव्या डागाचा एकच फोटो पाठवू नका, त्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. कोरडा कोंब, भिजलेला कोंब, पोटाकडून पिशव्या आणि पोटपान स्पष्ट दिसतील असा जवळचा फोटो, ताज्या पेशींचा फोटो, आणि प्रत्येकात मापाची पट्टी. सोबत पाकिटावरची माहिती जशीच्या तशी लिहा.